विजेच्या जादूगाराचा सिमेंटचा संसार

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा, फोनोग्राफ आणि हलती चित्रे आठवतात. शाळेच्या पुस्तकातला एडिसन बहुधा दिव्यापाशीच थांबतो. परंतु या संशोधकाने आयुष्याची शेवटची तीसेक वर्षे एका करड्या, रूक्ष भुकटीलाही वाहिली होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. ती भुकटी म्हणजे सिमेंट. दगडाचे पीठ करावे, ते भाजावे, पुन्हा दळावे आणि त्यातून न जळणारी, न कुजणारी घरे व न उखडणारे रस्ते घडवावेत, हा ध्यास त्याने वयाच्या बावन्नाव्या वर्षी घेतला. त्या वयात बहुतेक माणसे निवृत्तीचा विचार करू लागतात. एडिसन त्या वेळी आपली बहुतेक पुंजी गमावून बसला होता.

न्यू जर्सी हा अमेरिकेच्या ईशान्येकडील छोटा प्रांत. तेथे या उद्योगाची उभारणी झाली. तेथील हिवाळा सायबेरियाइतका क्रूर नाही, पण काँक्रीटच्या दृष्टीने तो अधिक कपटी आहे. कडाक्याच्या थंडीत पाणी एकदा गोठून तीन-चार महिने तसेच राहिले, तर काँक्रीटला एकदाच मार बसतो. न्यू जर्सीत तसे होत नाही. रात्री पारा शून्याखाली जातो, दुपारी ऊन पडते, बर्फ वितळतो, पाणी काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि रात्री पुन्हा गोठते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. एका हिवाळ्यात असे गोठण्या-वितळण्याचे कितीतरी फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात दगडासारख्या कठीण काँक्रीटचे पापुद्रे सुटत जातात. आपल्याकडे रस्त्याचा वैरी पाऊस, तिकडे दंव. एडिसनच्या सिमेंटची परीक्षा याच हवामानात व्हायची होती.

गोठलेल्या सरोवराच्या काठी

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो प्रांतातील मिलान या गावी झाला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉन येथे गेले. ह्युरॉन सरोवराच्या काठावरचे हे गाव हिवाळ्यात बर्फाने वेढले जाई. शाळेशी त्याचे फार दिवस जमले नाही. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. तिनेच त्याला घरी शिकवले. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली, पुढे त्याच डब्यात स्वतःचे छोटे वर्तमानपत्रही छापले. याच वयात ऐकू येणे कमी होत गेले आणि ते दुखणे आयुष्यभर सोबत राहिले.

१८६२ मध्ये एका स्थानकावर त्याने स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून ओढून वाचवले. कृतज्ञ बापाने त्याला तारयंत्राचे शिक्षण दिले. तारबाबू म्हणून गावोगाव फिरत तो १८६८ मध्ये बोस्टनला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला पोहोचला. पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये विजेचा दिवा आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजनिर्मिती केंद्र. पहिली पत्नी मेरी १८८४ मध्ये निवर्तली. १८८६ मध्ये त्याने मिना मिलरशी विवाह केला आणि वेस्ट ऑरेंज येथील ‘ग्लेनमाँट’ हा प्रशस्त वाडा खरेदी केला. पुढच्याच वर्षी जवळच त्याची नवी, मोठी प्रयोगशाळा उभी राहिली.

डोंगर फोडण्याचा खेळ

१८९२ मध्ये एडिसनची वीज कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली आणि जनरल इलेक्ट्रिक जन्माला आली. नावातून ‘एडिसन’ हा शब्द गळाला. ज्या व्यवसायाचा त्याने पाया घातला, त्याची सूत्रे आता बँकवाल्यांच्या हाती होती. एडिसनने त्या व्यवसायाकडे पाठ फिरवली आणि न्यू जर्सीच्या उत्तरेकडील ऑगडेन्सबर्गच्या डोंगरात मुक्काम ठोकला.

तेथे त्याला लोखंड काढायचे होते. डोंगरातल्या खडकात लोहखनिज होते, पण विरळ. खडक फोडून, त्याचे पीठ करून, ते मोठाल्या लोहचुंबकांसमोरून खाली सोडायचे. लोखंडाचे कण एका बाजूला आणि वाळू दुसऱ्या बाजूला पडेल, अशी ही योजना होती. पाच-सहा टनांचा धोंडा काही क्षणांत चुरडणारे प्रचंड रूळ त्याने बनवले. धक्के, पट्टे, लिफ्ट यांच्या साह्याने माल माणसाच्या हाताचा स्पर्श न होता एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाई. आठवडाभर तो डोंगरावर कामगारांसोबत राहायचा, धुळीने माखायचा आणि रविवारपुरता घरी यायचा. खनिजाच्या भुकटीच्या विटा पाडाव्या लागत. उघड्या वाघिणींतून जाताना त्या विटा पाऊसपाण्याने विरघळू नयेत म्हणून त्याने असंख्य मिश्रणे करून पाहिली. पाणी सच्छिद्र वस्तूत शिरले की काय करते, याचा धडा त्याला या डोंगरावर मिळाला.

तांत्रिकदृष्ट्या ही योजना बरीचशी यशस्वी झाली, पण बाजाराने तिचा घात केला. मिनेसोटातील मेसाबी टेकड्यांत उत्तम प्रतीचे लोहखनिज जमिनीच्या वरच्या थरातच सापडले. ते फावड्याने उपसता येई. खनिजाचे भाव कोसळले आणि शतक संपता संपता ऑगडेन्सबर्गचे काम बंद पडले. जनरल इलेक्ट्रिकचे समभाग विकून उभारलेला पैसा त्या डोंगरात गाडला गेला. वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम बुडाली. ज्या समभागांनी त्याला गर्भश्रीमंत केले असते, ते केव्हाच हातचे गेले होते.

देणी फेडायची होती. हाताशी उरले होते ते दगड फोडण्याचे ज्ञान, ती अवाढव्य यंत्रे आणि अनुभवी माणसे. आणखी एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे वाळू. खनिज वेगळे केल्यावर उरणारी बारीक वाळू सिमेंटवाले विकत घेत. या टाकाऊ मालाच्या गिऱ्हाइकांमुळे एडिसनचे लक्ष सिमेंटकडे गेले.

दळण आणि भट्टी

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये घेतले होते. चुनखडी आणि चिकणमाती ठराविक प्रमाणात दळून सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजायची. भट्टीतून कठीण, काळपट खडे बाहेर पडतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडे जिप्सम घालून पुन्हा दळले की सिमेंट तयार होते. अमेरिकेत ते १८७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील लिहाय खोऱ्यात बनू लागले. शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक बांधकाम करणारे आयात केलेल्या युरोपीय सिमेंटवरच अधिक विश्वास ठेवत.

१८९९ मध्ये एडिसन पोर्टलंड सिमेंट कंपनी स्थापन झाली. लिहाय खोऱ्याजवळच, न्यू जर्सीच्या वॉरेन परगण्यातील न्यू व्हिलेज येथे सिमेंटला योग्य असा खडक होता. ती जमीन घेण्यात आली. ऑगडेन्सबर्गचे साथीदार वॉल्टर मॅलरी याही उद्योगात सोबत आले. डोंगरावरची यंत्रे उतरवून इकडे आणली गेली. संपूर्ण कारखान्याचा आराखडा एडिसनने एका बैठकीत, रात्रंदिवस जागून काढला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

त्या काळी सिमेंटची फिरती भट्टी साधारण साठ फूट लांब असे. एडिसनने दीडशे फुटांची भट्टी बांधायला घेतली. इतका लांब, आतून तप्त असलेला आणि सतत फिरणारा लोखंडी नळ मध्येच वाकेल, अशी जाणकारांची खात्री होती. सुरुवातीला उत्पादन अपेक्षेप्रमाणे निघालेही नाही. एडिसन भट्टीपाशी बसून राहिला, कोळशाची ज्योत कोठे आणि कशी पडते ते पाहत राहिला, एकेक बदल करत राहिला. अखेर जुन्या भट्ट्यांच्या कितीतरी पट माल त्या लांब भट्टीतून निघू लागला. काही वर्षांतच लांब भट्टी हा साऱ्या उद्योगाचा शिरस्ता झाला आणि इतर कारखान्यांनी ती परवाना घेऊन वापरली. मात्र त्यातच पुढच्या संकटाचे बीज होते. सगळ्यांच्याच भट्ट्या अधिक माल ओकू लागल्या, बाजारात सिमेंट उदंड झाले आणि भाव पडले.

दुसरा आग्रह होता दळणाचा. एका इंचात दोनशे तारा, म्हणजे एका चौरस इंचात चाळीस हजार छिद्रे असलेल्या चाळणीतून इतरांचे सिमेंट जेमतेम पंचाहत्तर टक्के उतरे. आपले पंचाऐंशी टक्के उतरलेच पाहिजे, असा एडिसनचा दंडक होता आणि कंपनीच्या जाहिरातींत हाच आकडा झळके. सिमेंट जितके बारीक, तितका पाण्याशी त्याचा संयोग लवकर होतो आणि काँक्रीट लवकर बळ धरते. थंड मुलखात याला फार महत्त्व होते. ताजे काँक्रीट पुरेसे बळ येण्याआधी गोठले, तर आतले पाणी बर्फ होऊन त्याची घडणच मोडते आणि ते पुढे कधीही सावरत नाही. म्हणून शरद ऋतूच्या अखेरीस ओतलेल्या काँक्रीटवर गवताचे भारे अंथरून त्याची ऊब राखली जाई. लवकर बळ धरणारे सिमेंट म्हणजे दंवाशी लावलेल्या शर्यतीत मिळालेली आघाडी होती.

१९०३ चा मार्च

कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. मार्च १९०३ मध्ये कोळसा दळण्याच्या विभागात आग लागली आणि कोळशाच्या भुकटीचा स्फोट झाला. काही कामगार मृत्युमुखी पडले, अनेक भाजले. दगडाच्या धुळीवर ज्याने प्रभुत्व मिळवले, त्याला कोळशाच्या धुळीने दगा दिला. हवेत उधळलेली कोळशाची बारीक भुकटी बंदुकीच्या दारूसारखी पेट घेते. ज्या बारीक दळणाचा एडिसनला अभिमान होता, त्याची ही दुसरी बाजू होती.

कारखाना बंद पडला आणि विभाग नव्याने बांधावा लागला. एडिसनच्या गौरवग्रंथांत ही घटना चार ओळींत आटोपते. न्यू व्हिलेजच्या घरांत मात्र ती चार ओळींत आटोपली नसणार. प्रचंड यंत्रे आणि प्रचंड वेग यांची किंमत तेथे माणसांनी मोजली, याची नोंद घेतल्याशिवाय या सिमेंटची कथा पुरी होत नाही.

काम पुन्हा सुरू झाले, पण नफा दिसेना. १९०७ मध्ये अमेरिकेत आर्थिक घबराट उडाली, बांधकामे थंडावली. फोनोग्राफचा पैसा सिमेंटच्या खड्ड्यात ओतला जात होता. सिमेंट पुष्कळ आहे पण घेणारे थोडे, तेव्हा लोकांना सिमेंटचे नवे उपयोग दाखवले पाहिजेत, हे एडिसनने ओळखले.

ओतीव घराचे स्वप्न

१९०६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमधील एका मेजवानीत जाहीर केले की कामगाराचे घर यापुढे बांधायचे नाही, ओतायचे. ओतीव लोखंडाचे साचे उभे करायचे, वरून काँक्रीट सोडायचे. भिंती, जिने, छप्पर, न्हाणीघरातला टब, सारे एकसंध. काही तासांत ओतणे पुरे, काही दिवसांत साचे काढायचे. खर्च बाराशे डॉलरच्या आसपास. झोपडपट्टीत, लाकडी चाळींत, आगीच्या भीतीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी हे घर होते आणि त्यातून स्वतः नफा कमवायचा नाही, असे एडिसनने ठरवले होते. जगभरातून पत्रांचा पाऊस पडला. १९०८ मध्ये त्याने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळायला १९१७ साल उजाडले.

अडचण साच्यांची होती. एका घराच्या साच्यांचे दोन हजारांहून अधिक भाग होते. त्यांची किंमत लहान कंत्राटदाराच्या आवाक्याबाहेर होती. दुसरी अडचण मालाची होती. वरून ओतलेले काँक्रीट कानाकोपऱ्यांत पोहोचायचे तर ते पातळ हवे. पातळ केले तर खडी खाली बसते आणि पाणी वर येते. एडिसनने त्यात अतिसूक्ष्म चिकणमाती घालून खडी तरंगत राहील अशी युक्ती काढली. परंतु पाण्याचा प्रश्न त्याहून खोल होता. शिकागोतील संशोधक डफ अब्राम्स याने हजारो चाचण्यांनंतर १९१८ मध्ये दाखवून दिले की काँक्रीटचे बळ मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. पाणी जितके जादा, तितके काँक्रीट दुबळे. जादा पाणी सुकून गेल्यावर मागे छिद्रे राहतात आणि त्याच छिद्रांत हिवाळ्यात बर्फ घर करतो. आजही गवंडी माल सैल व्हावा म्हणून जेव्हा एक बादली पाणी जास्त ओततो, तेव्हा तो हाच नियम मोडत असतो.

१९१७ मध्ये घड्याळांचा कारखानदार चार्ल्स इंगरसोल याने न्यू जर्सीतील युनियन येथे अकरा ओतीव घरे उभी केली. स्वप्न तेथेच थबकले. काँक्रीटच्या फर्निचरची आणि फोनोग्राफच्या काँक्रीटच्या पेटीची कल्पना तर विनोदाचाच विषय झाली. तरीही इंगरसोल टेरेसवरची घरे शतक उलटून गेल्यावरही उभी आहेत आणि त्यांत माणसे नांदत आहेत.

स्वतःच्या अंगणात एडिसनने १९०८ मध्येच प्रयोग केला होता. ग्लेनमाँटच्या आवारात त्याने मोटारींसाठी ओतीव काँक्रीटचे गॅरेज बांधले. त्यात विद्युत मोटारींच्या बॅटऱ्या भरण्याची सोय होती. घोड्यांच्या तबेल्याचे दिवस सरत होते. मोटार आली की तिच्यासाठी गॅरेज हवे आणि फाटकापासून गॅरेजपर्यंत चिखल होणार नाही अशी वाटही हवी. अमेरिकेतल्या घराघरांपुढे काँक्रीटच्या पट्ट्या पडण्याचा काळ जवळ आला होता.

९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंजच्या कारखान्यांना भीषण आग लागली. एडिसनच्याच सिमेंटवर विसंबून ज्या इमारती आगीला दाद देणार नाहीत असे मानले जात होते, त्यांच्या आत सारे जळून गेले. काँक्रीट जळत नाही, पण त्याच्या आत ठेवलेले लाकूड, मेण आणि फिल्म जळतात, हे त्या रात्री दिसले. सकाळी मात्र काँक्रीटचे बहुतेक सांगाडे जागच्या जागी उभे होते. सदुसष्ट वर्षांच्या एडिसनने तेच साफ करून पुन्हा काम सुरू केले आणि काही आठवड्यांत उत्पादन चालू झाले.

एक मैल रस्ता

घरांनी जे साधले नाही, ते रस्त्यांनी साधले. ओहायोमधील बेलफाउंटन गावाने १८९१ मध्ये काँक्रीटच्या रस्त्याचा पहिला तुकडा करून पाहिला होता. १९०९ मध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड रस्त्यावर एक मैल काँक्रीट पडले. १९१२ मध्ये एडिसनच्या कारखान्याजवळून जाणाऱ्या न्यू व्हिलेजच्या रस्त्यावरही एक मैल काँक्रीटचा रस्ता तयार झाला. न्यू जर्सीतील अगदी सुरुवातीच्या काँक्रीट महामार्गांपैकी तो एक. सिमेंट अर्थातच एडिसनचे होते. ज्या रस्त्यावरून कारखान्याचे कामगार रोज ये-जा करत, त्याच रस्त्यावर त्यांच्या मालाची परीक्षा सुरू झाली आणि दर हिवाळ्यात ती होत राहिली.

रस्त्यांच्या अनुभवातून जे नियम सिद्ध झाले, तेच घरापुढच्या काँक्रीटच्या वाटेलाही लागू पडतात. थंड मुलखातली वाट बहुधा वरून बिघडत नाही, खालून बिघडते. ओली चिकणमाती गोठली की ती फुगते आणि वरचा कोबा उचलते. वितळली की तो बसतो, आणि मध्ये तडा जातो. म्हणून माती खणून खडीचा जाड थर घालावा, तो धुमसून घट्ट करावा, पाणी निचरून जाईल असे पाहावे, मग सुमारे चार इंच काँक्रीट टाकावे, पृष्ठभागाला घरापासून दूर उतार द्यावा आणि साधारण दहा फुटांवर सांधे कापावेत. तडा जायचाच असेल तर तो सांध्याच्या रेषेत जाईल. वर आलेले पाणी जिरण्याआधी थापी फिरवली, तर तेच पाणी पृष्ठभागात कोंडले जाते आणि पहिल्याच हिवाळ्यात पापुद्रे निघतात. आणि जुनी वाट उखडून नवी टाकताना खालची ओली माती तशीच ठेवली, तर नवी वाटही जुनीच्याच मार्गाने जाते. थंड प्रदेशांत अशा वाटा बदलण्यावर लोकांनी केलेला खर्च पुष्कळदा या एकाच चुकीने पाण्यात गेला आहे.

१९२३ मध्ये न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम उघडले. ते एडिसनच्या सिमेंटचे सर्वांत गाजलेले काम. १९७० च्या दशकात त्याची मोठी डागडुजी झाली तेव्हाही जुन्या काँक्रीटचा बराच भाग राखण्यात आला. २०१० मध्ये ते पाडले गेले, ते शेजारी नवे स्टेडियम उभे राहिले म्हणून.

गिरणीत सापडलेले उत्तर

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी ग्लेनमाँटमध्ये एडिसनचे निधन झाले. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर १०९३ अमेरिकी पेटंटे होती. तीन दिवसांनी, अंत्यसंस्काराच्या रात्री, अमेरिकेत ठिकठिकाणी क्षणभर दिवे मंद करण्यात आले. श्रद्धांजली दिव्याच्या जनकाला होती. सिमेंटची आठवण त्या रात्री कोणाला झाली नसावी.

दंवाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. बारीक दळण, चोख सिमेंट, योग्य पाणी, एवढे सारे सांभाळूनही काही रस्ते चार-पाच हिवाळ्यांत सोलून निघत. त्यात १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची प्रथा वाढली आणि सोलणे आणखी बळावले. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या अभियंत्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. काही रस्त्यांचे तुकडे शेजारच्या तुकड्यांपेक्षा कितीतरी चांगले टिकले होते. शोध घेतला तेव्हा कळले की त्या सिमेंटमध्ये दळताना गिरणी सुलभ चालावी म्हणून चरबी किंवा राळेसारखा पदार्थ घातला गेला होता. या पदार्थामुळे काँक्रीट कालवताना साबणाच्या फेसासारखे अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे तयार होत आणि कायमचे आत राहत. पाणी गोठताना वाढणाऱ्या दाबाला जवळच्या बुडबुड्यात वाट मिळे आणि काँक्रीट फुटत नसे. ट्रेव्हल पॉवर्स या संशोधकाने १९४० च्या दशकात याची मीमांसा मांडली. तेव्हापासून थंड प्रदेशात उघड्यावरच्या काँक्रीटमध्ये पाच ते सात टक्के हवा मुद्दाम राखली जाते.

एडिसनच्या कथेला यामुळे एक वेगळेच वळण मिळते. त्याने उभे आयुष्य दळण्यावर खर्च केले. दंवाला दाद न देणाऱ्या काँक्रीटची गुरुकिल्लीही दळणाच्या गिरणीतच होती, पण ती दळणाच्या बारीकपणात नव्हती. ती होती गिरणीत सहज टाकलेल्या चिमूटभर चरबीत. उलट, बारीक दळणाचीही मर्यादा पुढे कळून आली. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१० पासून जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या पन्नास वर्षांच्या चाचण्यांत असे दिसले की त्या काळच्या जाडसर सिमेंटचे काँक्रीट दशकानुदशके हळूहळू बळ धरत राहिले. फार बारीक सिमेंट लवकर ताकद देते, पण घाईने कमावलेली ही ताकद पुढे फारशी वाढत नाही. एडिसनच्या काळात बाजारातले सिमेंट खरोखरच भरड होते, त्यामुळे त्याचा आग्रह योग्यच होता. पण त्याने दाखवलेल्या दिशेने उद्योग जितका पुढे गेला, तितका टिकाऊपणा वाढलाच असे नाही.

एडिसनचे सिमेंट हा तोट्याचा धंदा होता, असा निकाल अनेकदा दिला जातो. हिशेबाच्या वह्यांपुरता तो बराचसा खराही आहे. परंतु लांब भट्टीने सिमेंट स्वस्त केले आणि स्वस्त सिमेंटनेच पुढे घराघरापुढची वाट काँक्रीटची झाली. बावन्नाव्या वर्षी सर्वस्व गमावलेल्या माणसाने उरलेल्या वाळूकडे पाहून नवा संसार मांडला, हेही त्या वह्यांत लिहिलेले नसते. मार्च १९०३ मध्ये गेलेले जीवही त्या वह्यांत नसतात.

वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळा आणि ग्लेनमाँट आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहेत. बहुतेक प्रवासी फोनोग्राफ पाहायला येतात. ग्लेनमाँटच्या आवारात १९०८ चे काँक्रीटचे गॅरेज अजून उभे आहे. वाड्यामागे एडिसन आणि मिना यांच्या समाध्या आहेत. दर हिवाळ्यात तेथे बर्फ पडतो, गोठतो आणि वितळतो. शंभरहून अधिक हिवाळे ओसरले, तरी ते गॅरेज जागचे हललेले नाही.